यू-बूटमधून दुसरा कर्नल सुरू करायची कमांड: कशी लिहावी, आणि तिचं नाव ‘अल्टबूटसीएमडी’ का ठेवू नये

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये तुम्ही फौंड्रीच्या सँड प्लांटसाठी कंट्रोलर बनवता. आत बीगलबोन ब्लॅक हा छोटा संगणक-बोर्ड आहे आणि त्यावर लिनक्सचा ४.१९ चा कर्नल (सिस्टमचा गाभा) कित्येक वर्षं निमूट चालतोय. आता तुम्ही ६.६ चा कर्नल बांधलाय. जुना जागच्या जागी ठेवायचा आणि यू-बूटच्या (बोर्ड चालू होताच कर्नल लोड करणाऱ्या बूटलोडरच्या) प्रॉम्प्टवर एक कमांड दिली की नवा सुरू व्हावा, एवढंच हवंय. त्यासाठी ‘अल्टबूटसीएमडी’ नावाचं व्हेरिएबल करून त्यात सगळ्या ओळी भरल्या. ते चालवलं की ‘स्टार्टिंग कर्नल’ एवढं उमटतं आणि पुढे सामसूम. एकदा बोर्ड उठला, पण आत जाऊन बघता जुनाच कर्नल चालू होता. तुम्ही विचारताय, स्क्रिप्टमध्ये चूक कुठे आहे.

चुका तीन-चार आहेत आणि त्या सांगतोच. पण कमांड लिहिणं हा यातला सोपा भाग. अवघड भाग तुमच्या प्रश्नात आलेलाच नाही: नवा कर्नल उठला नाही तर बोर्ड आपणहून जुन्याकडे कसा येणार? टेबलावर बोर्ड असेल तोवर ते काम तुमचं बोट करतं, रिसेटचं बटण दाबून. पॅनेलात बसला की तिथे बोट नसतं. म्हणून मी नव्या कर्नलची कमांड नेहमी दुसऱ्यांदा लिहितो. आधी परतीची लिहितो.

एक खुलासा करून ठेवतो. कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. बोर्डावर अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करा.

आणखी एक. खालचं बरंच काही तुमच्या यू-बूटवर अवलंबून आहे: कुठली आवृत्ती, कुणी बांधलं, एन्व्हायर्नमेंट (व्हेरिएबल्सचा साठा) कुठे साठवतं, वॉचडॉग (बोर्ड गोठला तर त्याला रिसेट करणारा टायमर) चालू ठेवून बांधलंय की बंद. बोर्डाबरोबर आलेलं डेबियन जसंच्या तसं वापरत असाल तर तुम्हाला कमांडच लागणार नाही. त्यात बूट फोल्डरमधल्या यूएन्व्ह फाइलीत यूनेम-आर या ओळीवर कर्नलचं नाव बदललं की काम होतं. पण तुमची इमेज तुम्ही स्वतः बांधलीय असं लिहिलंय, तेव्हा पुढे जाऊ.

कोटांची भानगड

यू-बूटमध्ये ‘स्वतःची कमांड’ म्हणजे बहुतेक वेळा एक व्हेरिएबल असतं. त्यात ओळी साठवायच्या आणि ‘रन’ म्हणून चालवायच्या. इथे पहिला फटका कोटांचा बसतो. तुमच्या कमांडला इथून पुढे ‘नवाबूट’ म्हणतो; बूटझेड ही कर्नल सुरू करणारी कमांड. कोट न लावता ‘सेटएन्व्ह नवाबूट लोड अमुक; लोड तमुक; बूटझेड’ असं लिहिलंत तर पहिल्या सेमीकोलनपाशी सेटएन्व्ह संपतं. व्हेरिएबलमध्ये फक्त पहिला लोड जातो, उरलेल्या कमांड तिथल्या तिथे चालतात. माणसाला वाटतं कमांड साठवली, प्रत्यक्षात ती अर्धी साठलेली असते आणि अर्धी होऊन गेलेली असते.

तुम्ही डबल कोट वापरलेत. त्यात सेमीकोलन वाचतात, पण डॉलरवाली व्हेरिएबल्स साठवतानाच उलगडतात. म्हणजे ‘फाइलसाइज’ची (शेवटी लोड झालेल्या फाइलीच्या आकाराची) किंमत नवा कर्नल लोड झाल्यानंतरची न येता, तुम्ही टाइप करत होता त्या क्षणाची गोठते. तेव्हा ते रिकामं असेल तर कायमचं रिकामं. सिंगल कोट वापरा. त्यात सगळं जसंच्या तसं साठतं आणि रन केल्यावरच उलगडतं. साठवून झालं की ‘प्रिंटएन्व्ह नवाबूट’ करून डोळ्यांनी वाचा. डॉलर दिसले पाहिजेत. डॉलरच्या जागी आकडे दिसले तर कोट चुकलाय.

फाइलसाइजचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. प्रत्येक लोडनंतर ते बदलतं. इनिटआरडी (सुरुवातीला रॅममध्ये चढणारी छोटी फाइल सिस्टम) वापरत असाल तर बूटझेडला तिचा पत्ता आणि त्यापुढे कोलन देऊन आकार द्यावा लागतो. मग इनिटआरडी सगळ्यात शेवटी लोड करा, नाहीतर डिव्हाइस ट्रीचा (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलीचा) आकार इनिटआरडीच्या नावावर खपतो. इनिटआरडी नसेल तर मधल्या जागी नुसती आडवी रेघ. ती रेघ विसरणारे मी खूप पाहिलेत, त्यात मीही आहे.

आकड्यांचंही तसंच. यू-बूट जवळपास सगळे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या आधारावरचे, धरतं. कार्ड वाचणाऱ्या एमएमसी रीड कमांडला १०० ब्लॉक मागितले तर ते २५६ ब्लॉक वाचतं. पार्टिशन क्रमांक १० लिहिला तर सोळावं पार्टिशन शोधतं. तुमच्यासारख्या दोन पार्टिशनच्या कार्डावर हे जाणवत नाही, म्हणूनच पुढे कधीतरी गाफील गाठतं.

‘जुनाच कर्नल उठला’ हे कसं झालं

तुमच्या स्क्रिप्टमध्ये कमांड सेमीकोलनने जोडल्यात. सेमीकोलनचा अर्थ ‘आधीचं जमो न जमो, पुढचं कर’. तुम्ही लिहिलंय की त्याच बैठकीत आधी जुना कर्नल हाताने लोड करून पाहिला होता. म्हणजे तो रॅममध्ये त्याच पत्त्यावर पडून होता. मग तुमची कमांड चालवलीत, फाइलच्या नावात चूक होती, लोड फसला, आणि बूटझेडने त्या पत्त्यावर जे होतं ते उचललं. नव्या कर्नलचा प्रयोग म्हणून तुम्ही जुनाच चालवलात. ‘फाइल सापडली नाही’ ही ओळ पडद्यावर नक्की आली असणार, पण मागून आलेल्या बूटच्या ओळींच्या रेट्यात ती वर निघून गेली.

हे टाळायला कमांड दुहेरी अँड चिन्हाने जोडा: कर्नल लोड झाला तरच डिव्हाइस ट्री लोड कर, तीही झाली तरच बूटझेड. यातून आणखी एक फायदा निघतो. बूटझेड यशस्वी झालं तर ते परत येतच नाही. कर्नल ताबा घेतो आणि यू-बूट संपतं. त्यामुळे बूटझेडनंतरच्या ओळीवर आपण पोहोचलो म्हणजे काहीतरी फसलं, हे नक्की. परतीची पहिली पायरी इथेच फुकटात मिळते. जुन्या कर्नलसाठी तशीच ‘जुनाबूट’ नावाची कमांड करून ‘रन नवाबूट; रन जुनाबूट’ एवढं लिहिलं तरी फाइल न सापडणं, चुकीच्या जातीची इमेज असणं, या दोन्ही प्रकारांत बोर्ड जुन्यावर येतो. या दोघांमध्ये मात्र सेमीकोलनच हवा, अँड नको.

नवा कर्नल खरंच नवा आहे का, हे कळण्यासाठी बांधतानाच लोकलव्हर्जनमध्ये काहीतरी वेगळं शेपूट लावा. मी तारीख लावतो. उठल्यावर यूनेम-आर या कमांडने चालू कर्नलचं नाव बघायचं आणि प्रॉकमधली सीएमडीलाइन फाइल वाचायची. सहा महिन्यांपूर्वीचा बूटआर्ग्स (कर्नलला दिलेले पर्याय) कुठून तरी उगवलेला पाहिला की माणूस शहाणा होतो.

सामसूम

‘स्टार्टिंग कर्नल’नंतर काहीच दिसत नाही, याचा अर्थ कर्नल मेला असा होत नाही. बऱ्याचदा तो व्यवस्थित बोलत असतो, पण दुसऱ्या तोंडाने. तुमच्या बूटआर्ग्समध्ये कन्सोल ‘टीटीवाय-ओ-०’ आहे. हे ओमॅप या टीआय कंपनीच्या चिपांच्या जुन्या सिरियल ड्रायव्हरचं नाव. नव्या ८२५० घराण्यातल्या ड्रायव्हरवर तेच पोर्ट ‘टीटीवाय-एस-०’ होतं. कर्नल बांधताना जुनं नाव आपोआप बदलून घेण्याची एक सोय असते, पण ती तुमच्या कॉन्फिगमध्ये आहे की नाही यावर पैज लावू नका. नवाबूटच्या आत स्वतंत्र बूटआर्ग्स लिहा, जुन्याचे उसने घेऊ नका. अगदी सुरुवातीचे संदेश हवे असतील तर त्यात अर्लीकॉनही घाला.

माझा जास्त संशय डिव्हाइस ट्रीवर आहे. डीटीएस हा तिचा मूळ मजकूर, डीटीबी ही त्यातून बांधलेली फाइल. तुम्ही लिहिलंय, ‘नवीन डीटीबी मिळाली नाही म्हणून जुनीच वापरली’. ती का मिळाली नाही ते सांगतो. ६.५ पासून ३२ बिट आर्मच्या डीटीएस फाइली कंपनीनिहाय उपफोल्डरांत हलवल्या. तुमच्या बोर्डाची फाइल आता डीटीएसच्या आत टीआय आणि त्याच्या आत ओमॅप या फोल्डरात आहे. बांधलेली डीटीबीही तिथेच तयार होते. तुम्ही जुन्या जागी शोधलीत, सापडली नाही, आणि ४.१९ ची डीटीबी ६.६ च्या गळ्यात बांधलीत. ते चालायचं नाही. मधल्या वर्षांत तुमच्या बोर्डावरच्या एएम३३५एक्स चिपबद्दलची कितीतरी माहिती कर्नलच्या सी फाइलींतून काढून डिव्हाइस ट्रीत नेली. नवा कर्नल ती ट्रीत शोधतो, तुमच्या जुन्या ट्रीत ती नाही, आणि जुन्या सी फाइली आता शिल्लक नाहीत. दोन्हीकडून माणूस उपाशी.

म्हणून माझा नियम: कर्नल, डीटीबी आणि मॉड्यूल (वेगळ्या फाइलींत ठेवलेले ड्रायव्हर) हे तिघं एकाच घरचे. बूट पार्टिशनवर ‘जुना’ आणि ‘नवा’ असे दोन फोल्डर करा, प्रत्येकात आपापली झेडइमेज (कर्नलची फाइल) आणि आपापली डीटीबी. मॉड्यूल रूट पार्टिशनवर आवृत्तीच्या नावाने वेगळी बसतातच, फक्त ती बसवायला विसरू नका. नाहीतर कर्नल उठतो, लॉगिनही येतं, आणि वायफायचा डोंगल मात्र ओळख देत नाही.

पत्ते हाताने लिहिलेत तेही बदला. तुमच्या बोर्डावर रॅम ८००००००० पासून सुरू होते. यू-बूटच्या नेहमीच्या मांडणीत कर्नल ८२००००००, डिव्हाइस ट्री ८८०००००० आणि इनिटआरडी ८८०८०००० वर जाते, सगळं हेक्समध्ये. पहिल्या दोघांत ९६ एमबीचं अंतर आहे, ते उगाच नाही. झेडइमेज स्वतःला रॅमच्या तळाशी उलगडते, आणि तिच्या वाटेत ट्री सापडली तर तुडवली जाते. यू-बूटच्या बांधणीत आधीच ठरलेली पत्त्यांची व्हेरिएबल्स असतात, तीच वापरा.

रूट पार्टिशनबद्दल एवढंच सांगतो की एमएमसीबीएलके-०, एमएमसीबीएलके-१ यांच्या क्रमांकावर विसंबू नका. फार जुन्या कर्नलवर कार्ड घातलं की ईएमएमसीचा (बोर्डावरच्या साठवणीचा) क्रमांक बदलायचा, नव्यावर वेगळा हिशोब असतो. यू-बूटमध्ये ‘पार्ट यूयूआयडी’ कमांड आहे. ती पार्टिशनची ओळख एका व्हेरिएबलमध्ये भरून देते, तीच रूटला द्या. सोबत रूटवेट, म्हणजे ते पार्टिशन दिसेपर्यंत कर्नल थांबतो.

परतीची वाट

आता तुम्ही न विचारलेलं.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला, हे इथल्या कुणाला सांगायला नको. त्याच्या पंधरा दिवस आधी मी नदीपलीकडच्या एका कारखान्यात, उंचावरच्या जागेत, एका बोर्डावर नवा कर्नल कायमचा म्हणून लावून आलो होतो. बोर्ड बीगलबोन नव्हता, आमचाच बनवलेला होता. रिबूट करून पाच-सहा वेळा तपासला होता, उत्तम उठत होता. पुरात लाइट गेली, दोन दिवसांनी आली, आणि सुपरवायझरचा फोन आला, “सायेब, मशीन उठंना झालंय.” मशीन उठलं होतं, पण नेटवर्क उठलं नव्हतं. इथरनेटच्या फाय चिपला रिसेट देणारी पिन मी नव्या डिव्हाइस ट्रीत लिहायचीच विसरलो होतो. नुसत्या रिबूटमध्ये चिप आधीच जागी असायची, म्हणून चालायचं. वीज पूर्ण जाऊन आली की चिप झोपलेलीच राहायची. जुना कर्नल कार्डावर शेजारीच बसला होता, पण त्याला हाक मारायला कुणी नव्हतं. रस्ता सुरू होईपर्यंत मी फोनवर सुपरवायझरला धीर देत बसलो. यू-बूट म्हणजे जर्मन भाषेत पाणबुडी. तेव्हा हा विनोद मला एकानेही ऐकवायचं सोडलं नाही.

त्यानंतर मी जी पद्धत धरली ती अशी. बूटसीएमडी, म्हणजे बोर्ड आपणहून चालवतो ती कमांड, कायम जुन्याच्या बाजूने असते. तिच्यात फक्त एक अपवाद. ‘एकदाच’ नावाचं व्हेरिएबल १ आहे का ते बघ. असेल तर ते ० कर, सेव्हएन्व्ह कर, आणि मग रन नवाबूट. अट संपली की त्याच्याखाली, अटीच्या बाहेर, रन जुनाबूट.

क्रम नीट बघा. खूण पुसायची आणि ती पुसल्याचं साठवायचं, हे दोन्ही नव्या कर्नलकडे उडी मारायच्या आधी. खूप जण उलट करतात: नवा कर्नल उठला की तोच खूण पुसेल म्हणतात. पण न उठलेला कर्नल काय पुसणार? मग बोर्ड तीच उडी पुन्हा पुन्हा मारत बसतो. खूण आधी पुसली की नव्याला आयुष्यात एकच संधी मिळते. तो अडकला, कोसळला, लाइट गेली, काहीही झालं तरी पुढची सुरुवात जुन्यावर. नवा चांगला वाटला तर आपण जाणीवपूर्वक पुन्हा खूण लावायची.

याच क्रमाचा दुसरा फायदा असा की सेव्हएन्व्ह त्या घडीला रॅममध्ये असलेलं सगळं एन्व्हायर्नमेंट लिहितं, तुम्ही तात्पुरते म्हणून बदललेले बूटआर्ग्ससुद्धा. नवाबूट त्याच्या नंतर चालतं, त्यामुळे त्याची घाण साठत नाही.

आणि टेस्टमध्ये व्हेरिएबलभोवती डबल कोट लावा. ‘एकदाच’ कधीच सेट केलेलं नसेल तर कोटाविना टेस्टच्या हातात अर्धंच वाक्य पडतं.

खूण लावायला प्रॉम्प्टवर यायची गरज नाही. लिनक्समधूनच ‘एफडब्ल्यू-सेटएन्व्ह एकदाच १’ करून रिबूट करता येतं, म्हणजे घरी बसून. त्यासाठी एफडब्ल्यू-एन्व्ह कॉन्फिग फाइलीत यू-बूट आपलं एन्व्हायर्नमेंट नेमकं कुठे, किती आकारात ठेवतं ते अचूक लिहावं लागतं. आधी फक्त एफडब्ल्यू-प्रिंटएन्व्ह चालवा. ‘बॅड सीआरसी’ (तपासणीचा आकडा जुळत नाही) अशी तक्रार आली तर एफडब्ल्यू-सेटएन्व्हला हातही लावू नका. पत्ता चुकलाय, आणि त्या चुकलेल्या पत्त्यावर तुमचं दुसरंच काहीतरी राहत असेल.

आता अडकण्याचे प्रकार. बूटझेड परत आलं तर खालच्या ओळीवर जुनाबूट आहेच. कर्नल पॅनिक झाला, उदाहरणार्थ रूट सापडलं नाही, तर तो मुळात तिथेच अनंतकाळ थांबतो. नवाबूटच्या बूटआर्ग्समध्ये ‘पॅनिक=१०’ घाला, मग दहा सेकंदांनी स्वतःच रिबूट होतो. राहिला तिसरा आणि खरा वैरी: काहीही न बोलता गोठलेला कर्नल, तुमच्या आत्ताच्या केससारखा. त्याला वॉचडॉगशिवाय औषध नाही. यू-बूट वॉचडॉग चालू करून कर्नलकडे सोपवेल अशा पद्धतीने बांधलेलं हवं. तुमच्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये एक खोच आहे. ओमॅपचा वॉचडॉग ड्रायव्हर लिनक्समध्ये सुरू होताना वॉचडॉग आधी बंद करून टाकतो. त्यानंतर सिस्टमडी किंवा दुसरा कुणी तो पुन्हा सुरू करेपर्यंत मधे पहारा नसतो, आणि गोठायला तेवढा वेळ पुरतो. ड्रायव्हरला ‘अर्ली एनेबल’ हा पर्याय १ दिला तर तो ही गाळलेली जागा भरून काढतो.

माझ्या पुराच्या किश्श्यात या तिन्ही उपायांतलं काहीच लागू पडलं नसतं, हेही कबूल करतो. तिथे कर्नल उठला होता, पॅनिक नव्हता, वॉचडॉगही खूश होता. फक्त नेटवर्क नव्हतं. म्हणून आता मी नव्या कर्नलवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवतो: पाच मिनिटांत ठरावीक यंत्राला पिंग लागलं नाही तर रिबूट. आणि चाचणी करताना प्लग उपटून, दहा मिनिटं थांबून, मग लावतो.

आणि आता त्या नावाबद्दल

तुम्ही कमांडचं नाव ‘अल्टबूटसीएमडी’ ठेवलंत. अल्ट म्हणजे पर्यायी, म्हणून साहजिक वाटलं असेल. पण यू-बूटमध्ये हे नाव राखीव अर्थाचं आहे. बूटकाउंटची सोय घालून यू-बूट बांधलेलं असेल तर प्रत्येक सुरुवातीला एक आकडा वाढतो. लिनक्स नीट उठलं की त्याने तो शून्य करायचा. तसं न होता आकडा ‘बूटलिमिट’च्या पलीकडे गेला, तर यू-बूट समजतं की नेहमीची वाट बंद पडलीय, आणि बूटसीएमडी सोडून अल्टबूटसीएमडी चालवतं. म्हणजे ती जागा सगळ्यात भरवशाच्या कर्नलची आहे, आणि तिथे तुम्ही सगळ्यात बेभरवशाचा बसवलाय.

तुमच्या यू-बूटमध्ये ही सोय चालू असेल, बूटलिमिट ३ असेल, आणि तुमच्या जुन्या लिनक्समध्ये आकडा शून्य करणारं कुणी नसेल, तर लागोपाठ तीन रिबूट धड जातील आणि चौथ्याला तुमचं यंत्र कुणीही न सांगता ६.६ कडे जाईल. मग तुम्ही जुन्या कर्नलमध्ये दोष शोधत बसाल. एएम३३५एक्सवर हा आकडा बहुधा आरटीसीच्या (चिपमधल्या घड्याळाच्या) एका रजिस्टरमध्ये ठेवतात, त्यामुळे तो एन्व्हायर्नमेंटमध्ये शोधूनही सापडायचा नाही. आकडा एन्व्हायर्नमेंटमध्येच ठेवणारी बांधणी असेल, तर ‘अपग्रेड-अव्हेलेबल’ १ असल्याशिवाय तो साठत नाही, हेही लक्षात असू द्या.

बूटकाउंट वाईट नाही. नवा कर्नल महिनाभर टिकला आणि त्याला कायमचा करायचा ठरलं, की तेव्हा मी तोच वापरतो: बूटसीएमडी नव्याकडे, अल्टबूटसीएमडी जुन्याकडे. एकदाच्या खुणेचं काम तिथे संपतं.

राहिलेलं, भराभर

भट्टीजवळ बसणाऱ्या बोर्डांसाठी एक. सिरियलची रिसीव्ह पिन मोकळी लोंबकळत असेल तर इंडक्शन भट्टीच्या गोंगाटात तिच्यावर काहीबाही अक्षरं उमटतात. यू-बूटला वाटतं कुणीतरी कळ दाबली, उलटी गणती थांबते आणि बोर्ड प्रॉम्प्टवर हुकमाची वाट बघत बसतो. एका ठिकाणी आठवडाभर मी नव्या कर्नलला शिव्या घातल्या, आणि तो बिचारा सुरूच झाला नव्हता. पिनला रोधक लावून तिची पातळी पक्की करा, किंवा ठरावीक शब्द टाइप केल्याशिवाय थांबणार नाही असं यू-बूट बांधा. दोन्ही केलंत तर उत्तम.

सेव्हएन्व्ह चालू असताना लाइट गेली तर एन्व्हायर्नमेंटची सीआरसी जुळत नाही आणि यू-बूट बांधणीतल्या मूळ किमतींवर जातं. म्हणजे तुमचं नवाबूट, जुनाबूट दोन्ही गायब. म्हणून एन्व्हायर्नमेंटच्या दोन प्रती ठेवणारी बांधणी करा, आणि मूळ बूटसीएमडीसुद्धा जुन्या कर्नलवरच जाईल असं बघा.

सगळ्या ओळी व्हेरिएबलमध्ये कोंबण्याऐवजी फाइलीत लिहून ‘सोर्स’ने चालवता येतात. वाचायला सोपं पडतं. फक्त साधी टेक्स्ट फाइल चालत नाही, एमकेइमेजने तिला शीर्षक लावून घ्यावं लागतं. नाहीतर एक्स्टलिनक्सची कॉन्फिग फाइल वापरून मेन्यूच करा, त्यात दोन लेबलं पुरतात. तिथे टाइमआउट सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, तीन सेकंदांसाठी ३० लिहा.

सी भाषेत यू-बूटची खरीखुरी नवी कमांड लिहायची का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. यू-बूट-सीएमडी मॅक्रो वापरून ती चाळीस ओळींत होते, पण त्यासाठी बूटलोडर पुन्हा बांधून बोर्डावर चढवावा लागतो. कर्नल बिघडला तर बूटलोडर वाचवतो, बूटलोडर बिघडला तर कार्ड घेऊन तुम्हालाच पॅनेल उघडावं लागतं. तुमच्या कामाला स्क्रिप्ट पुरते.

वर्कशॉपच्या पीसीवर हेच हवं असेल तर ग्रब या पीसीच्या बूटलोडरमध्ये तयार सोय आहे. डिफॉल्ट ‘सेव्हड’ ठेवा आणि ग्रब-रिबूटला नव्या नोंदीचं नाव द्या, पुढच्या एकाच वेळेसाठी ती चालते. ग्रबची एन्व्ह फाइल एलव्हीएम किंवा रेडवर असेल तर मात्र ग्रब तिच्यात लिहू शकत नाही, खूण पुसली जात नाही, आणि ‘एकदाच’चं ‘दरवेळी’ होतं.

एवढं करून अडलात तर प्रिंटएन्व्हचं पूर्ण आउटपुट, यू-बूटच्या आवृत्तीची ओळ आणि बोर्ड सुरू झाल्यापासूनचा सिरियल लॉग टाका. मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो नको, मजकूरच हवा. सिरियलची केबल ३.३ व्होल्टची आहे ना, तेही बघून घ्या. आणि हे सगळं सवडीने करा, पण आज घरी जायच्या आधी अल्टबूटसीएमडीमध्ये ‘रन जुनाबूट’ एवढंच लिहून सेव्हएन्व्ह करून टाका.